तलाठी वर राहिला

कशेळ्याहून खांडसला जाणाऱ्या रस्त्यावर कुणालाही विचारा, दशरथ ठोंबरे म्हणजे जंगलाचा जाणकार असंच सांगतील. ही कीर्ती साफ खोटी आहे हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक खुद्द दशरथ आणि दुसरा तलाठी. तलाठी कुणाजवळ बोलण्यातला नव्हता, कारण तो कुत्रा होता.

तांबडा रंग, एक कान उभा, दुसरा कायम रजेवर. प्रत्येक बांधावर थांबून, नीट हुंगून, एक पाय वर करून तो हद्दी कायम करायचा, म्हणून दशरथच्या बायकोनं, सुरेखानं, त्याचं नाव तलाठी ठेवलं. गावात सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत.

दशरथची सव्वीस वर्षं मोहोपाड्याला केमिकलच्या कारखान्यात बॉयलरपाशी गेली. गावी यायचा तो गणपतीला आणि शिमग्याला. कारखाना सुटला आणि तो कायमचा घरी आला, तेव्हा डोंगराची त्याची ओळख अंगणातून दिसण्यापुरतीच होती. पहिल्याच रविवारी पाठीवर पिशव्या घेतलेली चार पोरं दारात उभी. "काका, भीमाशंकरची वाट दाखवता का?" मागं दारात सुरेखा उभी. अशा वेळी खांडसच्या पंचक्रोशीत जन्मलेला बाप्या 'मला वाट माहीत नाय' असं म्हणत नसतो. दशरथनं काठी घेतली.

तलाठी मात्र वर्षानुवर्षं बिस्किटांच्या आशेनं येणाऱ्याजाणाऱ्यांना घाट चढवत, उतरवत आला होता. तो पुढं झाला. नदीकाठानं, आंबराईतून, मग घाटात. घाटाची वाट मळलेली, पण मधल्या सपाटीवर पोचलं की ढोरवाटा फुटतात, आणि तिथं भले भले चकतात. तलाठी डावीकडं वळला की दशरथ दोन पावलं जाऊ द्यायचा, मग काठी उचलून गंभीरपणे म्हणायचा, "आता डावीकडं." ती दोन पावलं हीच त्याची सगळी विद्या. तिच्यावर तीन वर्षं निघाली. कुणीतरी त्याचा फोटो मोबाइलवर टाकला, खाली लिहिलं, 'जंगलाचा चालता नकाशा'. फोटोत तलाठ्याची फक्त शेपटी आली होती.

गेल्या मार्गशीर्षात पनवेलची अकरा जणं आली. त्यांतली श्रद्धा नावाची चष्मेवाली मुलगी तलाठ्याला वाटेत स्वतःच्या डब्यातली पोळी भरवत होती. आणि रूपेश नावाचा एक तिखट डोळ्यांचा पोरगा होता. सपाटीवर तिसऱ्यांदा ती दोन पावलं झाली तेव्हा तो म्हणाला, "काका, खरा गाईड हा पुढचा दिसतोय. तुम्ही कॉमेंट्री करताय."

सगळे हसले. दशरथही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "हा? छे! हा कोन कुठला! लागलाय आपल्या मागं."

तलाठ्यानं मागं वळून पाहिलं. सगळे येताहेत ना, एवढंच बघायला. त्याला काय कळणार? पण दशरथला वाटलं, कळलं.

वर देवळाजवळ मंडळींचा टेंपो ट्रॅव्हलर आलेला होता. एसीवाला. माळशेज उतरून, मुरबाडवरून कशेळ्याला येऊन तो पुढं पनवेलला जाणार. एक डोंगर उतरायचा तर तीन जिल्ह्यांना वळसा. "काका, चला, कशेळ्याला सोडतो," मंडळी म्हणाली. दशरथचा उजवा गुडघा उतारावर कुरकुरायचा. आणि एसीत तो उभ्या जन्मात बसला नव्हता.

ड्रायव्हरनं तलाठ्याकडं बोट केलं. "हे नाय चालणार. सीट खराब होतात."

"मी मांडीवर घेते," श्रद्धा म्हणाली. "काका, तुमचा आहे का हा? तुमचा असेल तर मी यांना समजावते ना."

रूपेश दाराशी उभा होता. आता 'माझा' म्हणावं, तर सकाळचं 'कोन कुठला' खोटं पडतं. ते खोटं का बोललो हे मग कुणालाही सांगावं लागत नाही, आपोआप कळतं. तलाठी दशरथच्या चपलेवर हनुवटी टेकून बसला होता.

"नाय वो," दशरथ म्हणाला. "गावातला हाय. जाईल आपला आपला." आणि त्यानं पाय काढून घेतला.

त्याला मान म्हणून ड्रायव्हरशेजारची सीट दिली. मागं वळून बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण त्या सीटवरनं आरसा दिसतो. आरशात तलाठी धावत होता. पहिल्या वळणावर कान दिसले, दुसऱ्यावर ठिपका. मग रस्ताच दिसत राहिला. पाच तास दशरथ एसीत घामेजून बसला.

"भाऊसाहेब कुठं हायेत?" सुरेखानं दारातच विचारलं.

"येतोय मागनं."

"मागनं? तो कंदी मागं असतो?"

दशरथ हातपाय धुवायला गेला. हातपाय धुवायला त्या दिवशी त्याला बराच वेळ लागला.

सुरेखानं उंबऱ्याबाहेर भाकरीचा चतकोर ठेवला. सकाळी तो कोंबड्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी परत ठेवला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "वरच्या अंगाला बिबट्या फिरतोय म्हन्तात. कुत्रीच नेतो." आणि तांदूळ निवडत राहिली. बाहेर पान वाजलं तरी दशरथ उठून बघायचा. तिसऱ्या दिवशी ताटातली आमटी तशीच ठेवून तो उठला. त्यानं काठी घेतली.

नदीकाठ झाला, आंबराई झाली, घाट झाला. सपाटीवर आल्यावर दशरथ ठोंबरे, जंगलाचा चालता नकाशा, पाऊण तासात दोनदा एकाच वारुळापाशी येऊन उभा राहिला. तिसऱ्यांदा आला तेव्हा वारुळाजवळ डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन वाडीवरची कोंडी ठाकरीण उभी होती. तिचं अर्धं आयुष्य याच रानात गेलेलं.

"दशरथदादा, वारुळाला परदक्षिना घालतास का रं?"

"वाट बघत होतो."

"कुनाची?"

आता इथं ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. दशरथ दगडावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. दोन पावलं सांगितली, रूपेशचं बोलणं सांगितलं, चपलेवरची हनुवटी सांगितली. कोंडीनं मोळी खाली ठेवून ऐकलं.

"वाट तुला येत नाय, ह्ये तं आमच्या वाडीतल्या कोंबड्यांना पन ठावं हाय," ती म्हणाली. "आमी म्हनायचो, तलाठ्यानं शिपाई ठेवलाय."

"मंग कुनी बोललं का नाय?"

"तू कुनाला चुकवलंस का? नाय ना? मंग कशाला बोलायचं?" मग तिचा आवाज बदलला. "पन त्याला टाकलंस, ह्ये वंगाळ केलंस. चल, ऊठ."

वरच्या जंगलाच्या तोंडापर्यंत तिनं त्याला आणून सोडलं आणि ती परत फिरली.

देवळाजवळच्या गाडीतळावर गौराबाईंचं चहाचं दुकान होतं. दशरथनं तांबड्या कुत्र्याची चौकशी केली. गौराबाईंनी गाळणं आपटून रस्त्याकडं मान केली. "तो? त्या वळनावर बसतोय तीन दिवस झालं. गाडी आली की उठतो, दार उघडंपर्यंत थांबतो, परत बसतो. भजी टाकली तर खातोय, पर तिथंच नेऊन. कुना मेल्यानं सोडलाय कुनास ठाऊक. तुमचा हाय का?"

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळी बघत होती.

"माझा," दशरथ म्हणाला. "मीच सोडला."

गौराबाईंनी त्याला नखशिखान्त पाहिलं आणि भरलेला चहाचा ग्लास त्याच्यासमोरून उचलून दुसऱ्याला दिला.

तलाठी धावत आला नाही. दशरथला वाटलं होतं, उड्या मारेल, चाटेल, निदान भुंकेल तरी. तो उठला, शेपूट दोनदा हलवली, जवळ येऊन दशरथचे हात हुंगले, गुडघा हुंगला, चपला सावकाश हुंगल्या. मग त्याच्या मागं जाऊन उभा राहिला.

"चला भाऊसाहेब. पुढं व्हा."

तलाठी हलला नाही. दशरथ चार पावलं चालला, तलाठी चार पावलं आला. दशरथ थांबला, तो थांबला. दशरथनं घरून आणलेली भाकरी काढून पुढं टाकली. त्यानं ती उचलली आणि परत मागं जाऊन खाल्ली. आता हा माणूस त्याला नजरेसमोर हवा होता.

उतरताना सपाटीवर पाच फाटे आले. दशरथनं वळून पाहिलं. तलाठी बसून त्याच्या तोंडाकडं बघत होता. दशरथनं एक वाट धरली. ती करवंदीच्या जाळीत जाऊन संपली. तलाठीही मुकाट्यानं जाळीपर्यंत आला आणि मुकाट्यानं परत फिरला. दुसरी वाट धरली, ती एका कड्यावर निघाली. तिथून खाली कशेळ्याचा रस्ता धाग्यासारखा दिसत होता आणि उतरायला काहीच नव्हतं.

"आरं, सांग की रं," दशरथ रडकुंडीला येऊन म्हणाला. "चुकलो म्हन्लं ना."

तलाठ्यानं कान खाजवला.

दशरथनं कपाळ पुसलं आणि वाट नीट बघायला सुरुवात केली, तीन वर्षांत पहिल्यांदाच. शेण कुठलं ताजं, पाला कुठं तुडवलेला, झाडावर कोयत्याची खूण कुठं. सूर्य कलायला लागला होता. आणि दर दहा पावलांनी तो मागं वळून, तलाठी येतोय ना, ते पाहत होता.