बॅटरीची खांदमळणी

माझा भाऊ मस्कतला वेल्डर होता. नव्वद सालाच्या तोंडाला तो सुट्टीवर आला, तेव्हा भाचीसाठी बॅटरीवर चालणारी लाल जीप घेऊन आला. पोराला बसता येईल एवढी. एसटीच्या टपावर बांधून ती बोरीपर्यंत आली आणि बोरीपासून आमच्या गावापर्यंत आमच्याच बैलगाडीत. माझी लेक पाच वर्षांची. ती ऐटीत आत बसली, पायाखालची कळ दाबली आणि जीप सुटली ती सरळ तुळशीवर. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या की माहेरचं सामान उंबऱ्यात आलं न्हाई तोवर तुळस पाडली. झालं! पुढं वर्षभर मला हेच ऐकावं लागलं.

मस्कतच्या बॅटरीनं सहा महिन्यांत मान टाकली. मग ह्यांनी बोरीच्या बॅटरीवाल्याकडून फटफटीची बॅटरी बसवून आणली. त्यानं सांगून पाठवलं होतं की पाणी रेघेपर्यंत ठेवा, पार उतरू देऊ नका, वरची टोकं साफ ठेवा आणि तारा आवळून झाल्या की वरनं जरासं व्हॅसलीन लावा. आमच्या ह्यांना असल्या कामाचा भारी कंटाळा. बोरीवाल्याचं सगळं त्यांनी दारात चपला काढता काढता मामंजींना सांगितलं आणि जेवायला बसले. त्यातलं किती पोचलं आणि किती वाटेत सांडलं, ते पुढं कळलंच.

मामंजी म्हणजे माझे सासरे. बैलातला माणूस. त्या उन्हाळ्यात आमच्या कंधारी जोडीतला एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. एकट्याला जुंपता येत नाही, म्हणून ह्यांनी दुसरा बाजारात विकला आणि पेरणीला भाड्यानं ट्रॅक्टर लावला.  मामंजी सकाळी उठून रिकाम्या गोठ्यात जायचे, जागा झाडायचे आणि तिथंच बसून राहायचे. मला बघवत नव्हतं. अशात त्यांच्या हाती ही बॅटरी आली.

तिला चार्जिंगला लावायची जागा त्यांनी ठरवली ती गोठ्यात, गव्हाणीत! ह्यांना तिथवर वायर ओढायला लावली. लाईट कधी येईल याचा आमच्याकडं नेम नव्हता, पण आली की मामंजी हातातला घास टाकून उठणार. जाताना आत्याबाईंना सांगणार की वैरण टाकून येतो. दोन चिमटे लावायचे, चार्जरचा लाल दिवा लागला की जवळ बसायचं. बॅटरी भरत आली की आत बुडबुडे येतात. मामंजी कान लावून ऐकायचे आणि समाधानानं सांगायचे की रवंथ करायलाय. पोरीनं जीप दोनदा गावातून फिरवली की तिसऱ्यांदा बसू द्यायचे नाहीत, दमला असेल म्हणायचे. पोरगी रडून घर डोक्यावर घ्यायची, आणि तिला गप करायचं काम कुणाचं? माझं.

आत्याबाईंचं दुखणं वेगळंच होतं. ॲसिडनं मामंजींच्या धोतरांची चाळण झाली. दोरीवर धोतर वाळत घातलं की पलीकडचं सगळं दिसायचं. चाळीस वर्षं बैल पाळले, एकानं कधी धोतराला भोक पाडलं न्हाई, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. मामंजींवर काडीचा परिणाम नाही.

पोळा जवळ आला तसा मात्र त्यांना घोर लागला. आमच्या गावात पोळ्याला पाटलाची जोडी वेशीच्या तोरणाखालून पहिली जाते आणि तिच्या मागं आमची. हा दुसरा मान आमच्या घराला किती पिढ्यांपासून आहे, ते कुणालाच ठाऊक नाही. आता दारात बैलच नाही. भावकीतले चुलत सासरे पारावर उघड बोलायला लागले होते की यंदा दुसरी जोडी आमची. आणि मान एकदा दुसऱ्या दारात गेला की परत येत नसतो, हे मामंजींइतकं कुणाला कळणार? आत्याबाई म्हणाल्या, मातीचे बैल आणू, घरात पुजू, किती घरं तेच करतात. मामंजी म्हणाले, मातीचे बैल वेशीतून चालत न्हाईत.

दुसऱ्या दिवशी ते पाटलाकडं गेले आणि विचारून आले की आमच्या दारातली जीप तोरणाखालून नेली तर चालंल का. गाव खो खो हसलं. ह्यांना तर गावात तोंड दाखवायची चोरी झाली. पण पाटील म्हातारा होता आणि मामंजींच्या बरोबरीचा. त्यानं सांगितलं की बैल असो का काही असो, तुमच्या घरचं वाहन पाटलाच्या जोडीमागं तोरण वलांडून गेलं तर मान तुमचा. मधीच थांबलं तर मागच्याचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे सोललेले असतात, त्यांना तूप आणि हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. मामंजींनी आत्याबाईंकडून वाटीभर तूप मागून नेलं. मला वाटलं, देवाला असेल. ते गोठ्यात गेले, बॅटरीच्या तारा सोडल्या आणि तिच्या दोन्ही टोकांना तूप-हळद मनापासून रगडून रगडून चोळली. व्हॅसलीन लावा म्हणून सांगितलंच होतं, आणि घरच्या तुपापुढं व्हॅसलीनची काय मातब्बरी? मग त्या पिवळ्या लगद्यावरच चार्जिंगचे चिमटे लावले. लाल दिवा लागला. तो दिवा नुसती लाईट असली तरी लागतो आणि लगद्यातनं वीज आत जात नाही, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मामंजी हात जोडून बॅटरीला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." बॅटरीच्या पोटात दाणा गेला नव्हता आणि आम्ही तिला जेवायला बोलावत होतो!

पोळ्याला पाऊस उघडला. मामंजींनी तारा टोकांवर परत करकचून आवळल्या. जीपवर गेलेल्या बैलाची झूल टाकली, पुढं बाशिंग बांधलं, आरशांना गोंडे लटकवले. मामंजींनी पुढच्या दांडीला कासराही बांधला. जीप आपली आपण चालते, कासरा कशाला, असं ह्यांनी विचारलं, तर त्यांच्याकडं असं बघितलं की हे गोंडे नीट करायला वळले. पोरीला नवा झगा घालून बसवली. आमचं घर वेशीला लागूनच, म्हणून मी आणि आत्याबाई घराच्या सपाट मातीच्या माळवदावर चढलो.

आधी पाटलाची जोडी गेली. मग आमची जीप निघाली. आदल्या दिवसाचं उरलंसुरलं पोटात होतं, त्यावर ती वेशीजवळच्या मारुतीच्या देवळापर्यंत आली. पोरं नाचत होती, मामंजी कासरा धरून ताठ चालत होते. माझ्या भावाची आठवण येऊन मला उगाच भरून आलं. आणि तोरण दहा पावलांवर असताना जीप कण्हली आणि उभी राहिली.

पोरीनं कळ दाबून दाबून पाहिली. हे धावले, झूल उचलली, सीट काढली आणि आत बघून कपाळावर हात मारला. दोन्ही टोकं पुरणासारखी पिवळी. धोतराच्या सोग्यानं पुसली, तारा आवळल्या, पण पोटातच काही नाही तर ती चालणार कशी? चुलत सासऱ्यांनी आपली जोडी पुढं घ्यायला सुरुवात केली. कुणीतरी मोठ्यानं हसलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की वरून कौल फेकून मारावं, पण माळवदावर कौल कुठलं? आत्याबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

मामंजींनी चुलत सासऱ्यांकडं बघितलंसुद्धा नाही. कासरा खांद्यावरून घेतला, छातीशी दोन्ही हातांनी आवळला आणि वाकले. जीप हलली. चाकं आतल्या आत अडत होती, वर पोरगी बसलेली, आणि हा सत्तरीचा माणूस पाय रोवून एकेक पाऊल टाकत होता. हे मागून लोटायला गेले, तर त्यांना हातानंच लांब केलं. पोरीला वाटलं आजोबा खेळायलेत. ती टाळ्या वाजवून हाकायला लागली. हसणारे बाजूला सरून वाट द्यायला लागले. तोरणाखालून जीप पार झाली तेव्हा मामंजींच्या मानेच्या शिरा मला वरून दिसत होत्या.

चुलत सासऱ्यांनी हरकत घेतली की हे काय चालणं झालं? वाहन तर थांबलं होतं. सगळे पाटलाकडं बघायला लागले. पाटील म्हणाला, "वढणारा घरचाच हाय. मान त्याचाच." आणि हलगी वाजली.

मी पळत खाली आले. बैल दारात आले की घरच्या सुनेनं त्यांच्या पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं, पुरणाची पोळी चारायची. माझं ताट तयार होतं. पण दारात जीप आणि जीपपुढं मामंजी, खांद्यावर कासरा तसाच, धापा टाकत. सासऱ्यासमोर सुनेनं कधी मान वर केली नाही असं आमचं घर. जीपला ओवाळावं, असं आत्याबाई खुणेनं सांगत होत्या. मी तांब्या घेतला आणि मामंजींच्या पायावर पाणी घातलं. ते मागं सरले नाहीत. कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं, पोळी हातात ठेवली.

बैल गेला तेव्हा हा माणूस रडला नव्हता. विकलेला दुसरा पाठमोरा जाताना बघत उभा होता, तेव्हाही नाही. आता पोळी हातात धरून सगळ्या गल्लीसमोर ते लेकरासारखे रडायला लागले. खांद्यावर कासऱ्याचा वळ उठला होता, त्याच्यावर हात ठेवून मला म्हणाले, "पोरी, लय वढाय लावलं गं मी त्यांना."