कशाकशाचा धिक्कार

माझ्या आत्याला सगळे पंक्चरवाली म्हणतात, तोंडावरसुद्धा. सायकल दुरुस्तीचं दुकान तिच्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, आता शटर पडणार. आत्याने बाह्या सरसावल्या आणि पाना हातात घेतला. तेव्हापासून हात काळे आणि राग नाकावर. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणायची, "ये, तूच लाव ठिगळ, मी चहा पिते." तो राग वारशाने माझ्याकडे आलाय, असं घरात म्हणतात. म्हणू देत. मात्र तिने कधी कोणावर हात उगारलेला मला आठवत नाही, आणि लहानपणी मी आणि माझी धाकटी बहीण काही गुणी बाळं नव्हतो.

रविवारी दुपारी त्याच दुकानात आत्या आईबापांचा वर्ग घ्यायची. ज्यांच्या बाळाचा बाप्तिस्मा ठरलाय त्यांनी आधी पंक्चरवालीकडे जायचं, असा आमच्या चर्चचा शिरस्ता. चर्चचा हॉल तिला नको असायचा. "तिथे खुर्चीत बसून नुसत्या माना डोलावतात," म्हणायची. दुकानात टायरांवर बसायचं, मध्ये ट्यूब बुडवून भोक शोधायचा पाण्याचा टब, आणि बाळ मांडीवर हवंच. बाळाला आजीकडे ठेवून आलेल्यांना ती दारातूनच परत पाठवायची.

लोक येतात कशाला? फोटोला! पांढरा फ्रॉक कुठे मिळेल, किती माणसं बोलवायची, आत बूट चालतात का. ऐकून माझंच डोकं फिरायचं. आत्या शांतपणे ट्यूब घासत म्हणायची, "फ्रॉक उद्या आखूड होईल. पुढचं विचारा."

एकदा एका बाईने खरंच विचारलं. "आत्या, एवढ्याशा जिवाला काय कळतं? मोठं झाल्यावर त्याचं त्याला ठरवू दे की."

"दूध पाजताना विचारलं होतंस त्याला?" आत्या म्हणाली. "तसंच हे. देव आधी हात पुढे करतो, पोर नंतर बोट धरतं. पण तोवर त्याच्या वतीने बोलायचं कोणी? म्हणून फादर तुम्हाला विचारतात. देवावर विश्वास ठेवता का? सैतानाचा धिक्कार करता का? त्या वेळी तुमच्या तोंडून ते पोर बोलत असतं. त्याचं पहिलंवहिलं बोलणं खोटं निघायला नको."

चर्चमध्ये ही उत्तरं सगळे आईबाप एका सुरात देतात. आत्याचा खरा राग त्यावर. घोळक्यात होय म्हणायला काय जातं? म्हणून वर्गात ती एकेकाला उठवायची आणि नुसत्या 'करतो'वर सोडायची नाही. "सैतान म्हणजे शेपूटवाला नव्हे. तुझ्या घरात तो काय करतो ते सांग. कशाचा धिक्कार करतोस? नाव घे." कोणी म्हणायचा, बायकोशी धड बोलत नाही. कोणी म्हणायची, जावेचं बरं झालेलं बघवत नाही. हसू यायचं, पण बोलून झाल्यावर माणसं जरा हलकी होऊन घरी जायची.

तर या वर्गाला माझी धाकटी आली. मांडीवर मुलगी, शेजारी आमचे जावईबापू. हा गृहस्थ शाळेत शिकवतो, चर्चमध्ये मुख्य गाणारा. आवाज असा की म्हाताऱ्या डोळे पुसतात. लग्नात प्रत्येक जण धाकटीला म्हणाला होता, नशीब काढलंस गं! मीही म्हणाले होते.

त्याची पाळी आली. "कशाचा धिक्कार करतोस?"

"मला गोड फार आवडतं आत्या, त्याचा करतो," तो म्हणाला. दुकानभर हशा पिकला. मीही हसले.

मग धाकटी उठली. उठली आणि गप्प उभी राहिली. कोणीतरी म्हणालं, लाजतेय. नवरा म्हणाला, "हिला चारचौघांत बोलायची सवय नाही." आत्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बस." वर्ग संपला, जावई गाण्याच्या तालमीला गेला. आत्याने शटर अर्धं ओढलं.

"का गप्प राहिलीस?"

"होय म्हणावं तर खोटं," धाकटी म्हणाली. "आणि खरं सांगावं तर मला परत त्याच्याबरोबरच घरी जायचंय."

तिने बाही वर केली. दंडावर बोटांचे वळ होते, पिवळे पडलेले जुने आणि त्यांच्यावर नवे. पोर रडलं की नवऱ्याची झोपमोड होते म्हणे. झोपमोड झाली की तो आधी दार लावून घेतो. परवा पोर कडेवर असताना मारलं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! तोच हात छातीशी धरून हा माणूस रविवारी देवाची गाणी म्हणतो? मी समोरचा मोठा पाना उचलला आणि निघाले. आत्याने तो माझ्या हातातून काढून घेतला. "पाना नटासाठी असतो," म्हणाली.

मी धाकटीला म्हटलं, आजपासून इथेच राहा, दुकानाच्या वर खोली आहे. ती ऐकेना. "बाप्तिस्मा होऊ दे. आधीच निघून आले तर सगळे म्हणतील, हिच्यामुळे लेकराचा बाप्तिस्मा मोडला. तो होऊ दे, मग बघू." मग बघू म्हणजे मग परत त्याच दाराआड. एवढं कळण्याइतकी अक्कल मला आहे.

आत्या फादरांकडे गेली. मी सोबत होते. फादर माणूस वाईट नाही, पण गडबडगोंधळाला भितो. म्हणाले, "बाळाचा काय दोष?"

"बाळाला पाणी घालू नका म्हटलंय का मी? फक्त आईबापांना एकेकटं विचारा."

"पुस्तकात एकत्र विचारायचं आहे. आणि हे बघा, घरातल्या गोष्टी घरात. मी त्याच्याशी निवांत बोलेन कधीतरी."

कधीतरी! आम्ही दुकानात परतलो. धाकटी वाट बघत बसली होती. "मग मी काय करू?"

"खोटं बोलायचं नाही, एवढंच. तुझ्या पोरीला एका तोंडाचं खरं उत्तर पुरतं. ते तुझं आहे."

बाप्तिस्म्याच्या दिवशी तीन जोडपी होती. धाकटीच्या मुलीची धर्ममाता आत्याच. काळे हात तिने घासघासून धुतले होते, तरी नखांत वंगण होतं. फादरांनी विचारलं, "सैतानाचा धिक्कार करता का?"

"करतो!" सगळ्यांच्या वर जावयाचा आवाज. घुमला अगदी.

"आणि त्याच्या सर्व कृत्यांचा?"

"करतो!"

"फादर," धाकटी म्हणाली, "मी करते. हे करत नाहीत."

हळू म्हणाली, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. तो हसला. हसला हो! "बाळंतपणानंतर जरा अशी झालीये, झोप नाही होत," असं म्हणून त्याने प्रेमाने तिचा दंड धरला. तोच दंड. ती कळवळली आणि पोर रडायला लागलं. मी बाकावरून उठलेच होते. फादर त्या हाताकडे बघत होते.

"तिचा हात सोड," ते म्हणाले. "ती म्हणते ते खरं आहे का?"

"फादर, हे घरातलं आहे. नंतर बोलू."

फादरांचा चेहरा लाल झाला. त्यांना स्वतःचंच बोलणं आठवलं असावं. "घरातलंच विचारतोय मी," ते म्हणाले. त्याने तोंड फिरवलं तेव्हा म्हणाले, "तू बाकावर जाऊन बस."

तो बसला. त्याच्या बाकावरची माणसं सरकून बसली, जागा देण्यासाठी नव्हे. मग फादरांनी पुढचे सगळे प्रश्न धाकटीला एकटीला विचारले आणि तिने एकटीने उत्तरं दिली. पाणी पडताना मुलगी रडायची थांबली आणि डोळे विस्फारून छताकडे बघत राहिली. फोटो कोणीच काढला नाही.

चर्चमधून धाकटी थेट आत्याच्या वरच्या खोलीत आली. मला वाटलं, बला टळली. कसली टळतेय? संध्याकाळी तो दुकानात हजर. आत्या टबाशी बसून ट्यूब तपासत होती. त्याने आधी गोड बोलून पाहिलं, मग म्हणाला, "माझी बायको आणि माझं मूल आहे. खाली पाठवा."

"पाठवते," आत्या म्हणाली. "आधी सकाळचं उत्तर दे. धिक्कार करतोस का?"

"करतो."

"कशाचा?"

"तुम्ही म्हणाल त्याचा! झालं?"

"मी नाही म्हणणार. तू नाव घे."

"रागाचा," तो म्हणाला. "राग येतो मला. माणूस आहे."

"राग?" आत्या उठून उभी राहिली. "राग मला तुझ्या दसपट येतो. आत्ता तर असा आलाय की डोळ्यांपुढे अंधारी येतेय. आणि हा बघ पाना, हाताशीच आहे. उचलला का मी? रागाचं नाव पुढे करू नकोस. काय केलंस ते सांग. कोणाला, कशाने, पोर कुठे होतं तेव्हा. सगळं तुझ्या तोंडाने सांग, मोठ्याने. जिन्यावर ती ऐकतेय."

वर जिन्यात धाकटी उभी होती, लेक खांद्यावर घेऊन. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रस्त्यावर थांबलेल्या दोघा-तिघांकडे पाहिलं. तोंड उघडलं. आमच्या चर्चमधला सगळ्यात मोठा आवाज, आणि सोबत गाणारं कोणी नव्हतं. आत्या थांबली. मी थांबले. टबातल्या ट्यूबमधून बुडबुडे येत राहिले.

मग तो वळला आणि गेला.

"आत्या," धाकटी जिन्यातून म्हणाली, "वरच्या दाराची कडी सैल आहे. आजच पक्की करून दे."

आत्याने पाना उचलला आणि वर गेली.