तापल्या टिनावरचा चुना

गोजरबाईंनी आयुष्यात कोणाचं निमूट ऐकून घेतलं असेल, तर ते तान्ह्या लेकरांचंच. मोठ्या माणसांचं त्या ऐकत, पण उत्तर आधीच तयार ठेवून.

महाराष्ट्र नवा नवा होता त्या वर्षांतली गोष्ट. मलकापुरात, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं घर होतं. जुनं मातीचं धाबं काढून त्यांच्या लेकानं, उत्तमरावानं, हौसेनं टिनं टाकली. पहिल्याच पावसाळ्यात ती गळली. पुढं सून आशाबाई बाळंत व्हायची होती. तिच्या अंगावर थेंब पडू नये म्हणून त्यानं सगळ्या टिनांना डांबर फासलं.

वैशाखात पोरगी झाली. दिवस भरायच्या आधीच आलेली, मुठीएवढी. आशाबाईंची आधीची दोन गेली होती.

डांबरानं पाणी थांबलं असतं, पण पाऊस अजून दूर होता. ऊन मात्र रोजचं होतं. काळी टिनं सकाळपासून तापत आणि दुपारी खोलीची भट्टी होई. पोरगी आधी रडली, मग रडायचीही थांबली. दूध ओढेना.

"आत्याबाई, हे बी जाते का वो?" आशाबाईंनी सासूला विचारलं.

"तोंड आवर! जाते कुठं? तिले रस्ता तरी माहीत आहे का?" गोजरबाई गरजल्या. पण बाहेर येऊन त्यांनी पदरानं डोळे पुसले.

शेजारी नीळकंठ मास्तर राहत. त्यांचं घर धाब्याचं, आत गारवा. ते म्हणाले, "गोजरबाई, दोघींना आमच्याकडे आणा."

"मास्तर, तुमचं मन मोठं. पण सव्वा महिना बाळंतीण उंबरा वलांडत नसते."

"जीव मोठा की रीत मोठी?"

"अन् बाहेर लू चालू हाये, ते? तुमच्या दारापर्यंत नेता नेता पोरगी करपून जाईन." रीतीचा हट्ट त्यांनी थोडा सोडलाही होता. बाळंतिणीच्या बाजेखालची शेकाची शेगडी त्यांनी स्वतःच उचलून बाहेर ठेवली होती. पण उंबरा म्हणजे उंबरा.

मग त्या बाज सरकवू लागल्या. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

"माय, हे काय करून राह्यली तू?" उत्तमरावानं विचारलं.

"मांजर पिलाले सात घरं फिरवते. माह्याजवळ चार कोपरे हायेत."

चुलीकडच्या कोपऱ्यात बाज गेली आणि पोरगी हलली. तोंड उघडून दोन घोट दूध प्याली. बाज पुन्हा मधे आणली, की मान टाकली. परत कोपऱ्यात नेली, की हालचाल.

"त्या कोपऱ्यात नजर लागत नाई," गोजरबाईंनी निकाल दिला. "दारातून समोरच्या सोजराबाईले दिसत नाई ना तिथलं."

"सोजराबाई महिना झाला बीबी गावाले गेली," उत्तमराव म्हणाला.

गोजरबाईंनी हात वर करून टिनाजवळ नेला. मधल्या टिनाची धग हाताला लागली, कोपऱ्यातल्या टिनाची कमी. त्या तरातरा शिडीकडे गेल्या.

"माय, भर दुपारी टिनावर?"

"तू खाली शिडी धर. तेवढं तरी नीट धर."

वर त्या कोपऱ्यावर उत्तमरावाचं पांढरं धोतर पसरलेलं होतं. आठ दिवसांपूर्वी गोजरबाईंनी त्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. कुरडया निघाल्या, धोतर निघालं नाही. उन्हानं वितळलेल्या डांबराला ते असं चिकटलं, की त्यांनी नाद सोडून दिला.

"मास्तर!" त्या वरूनच ओरडल्या. "काळ्यावर पाय ठेवला तर चटका बसते, धोतरावर उभं राहता येते. काऊन?"

मास्तर ओसरीत आले. "काळं ऊन पिऊन घेतं, पांढरं परत फेकतं. पृथ्वीचंही तसंच आहे. दोन्ही टोकांना बर्फ आहे, तो ऊन वर परतवतो."

"अन् बर्फ सरला तर?"

"तर खालची काळी जमीन, काळा समुद्र उघडा पडेल. तो ऊन पिईल, आणखी तापेल, आणखी बर्फ वितळेल."

"म्हणजे आख्ख्या दुनियेले डांबर! उत्तम, तुह्या हातची दिसते दुनिया."

"माय!"

"दुनियेचं राहू दे. चुना आण."

"डांबरावर चुना? पोपडे निघतील."

"तुह्या धोतराचे निघाले काय पोपडे? आता डांबर मऊ हाये, तवाच टाकू. कोरडा टाकायचा. तोंडाले फडकं बांध, डोळे सांभाळ."

भर उन्हात, पायाखाली गोणपाट टाकून, मायलेक टिनावर होते. विझवलेल्या चुन्याची भुकटी त्या सुपानं उधळत आणि उत्तमराव गोणपाटानं दाबत जाई. मास्तर खालून पोती चढवत होते. गल्ली गोळा झाली.

"काय हो गोजरबाई, होळी आता आली काय?" जनकाबाईंनी विचारलं.

"हाव! पांढरी होळी. पाहून राह्यली त्यापरीस एक घमेलं चढव."

जनकाबाईंनी चढवलं.

उन्हं कलायच्या आत काळी टिनं पांढरी झाली. गल्लीतून वर पाहिलं तर डोळे दिपत. खोली लगेच गार झाली नाही, त्या संध्याकाळी तर नाहीच. उत्तमरावानं रात्रभर ओला पंचा फिरवला. दुसऱ्या दिवशी मात्र दुपार चढली आणि खोली तापली नाही. ऊन वरच्या वर परत गेलं.

गोजरबाई बाजेशी बसून होत्या. पोरीनं डोळे मिटूनच तोंड शोधलं. ओढू लागली. एक घोट, ठसका, पुन्हा घोट. आशाबाई हुंदका देऊन हसल्या.

"हसू नको, दूध हालते," गोजरबाई म्हणाल्या.

उत्तमरावानं दारातून विचारलं, "माय, कसं हाये?"

उत्तर आलं नाही. त्यानं डोकावून पाहिलं. पोरगी चुटूचुटू पीत होती आणि बाजेच्या खुराला टेकून, तोंड उघडं टाकून, गोजरबाई घोरत होत्या.