गाडी की तू?

माझी लेक मोटारींच्या शर्यतीत गाडी पळवते, आणि या सीझनला ती जवळजवळ प्रत्येक वेळी शेवटची आली. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला हळूच विचारायला नको.

आम्ही मूळचे बेळगावकडचे, पण लेक जन्मली ती बंगळुरातच. तिच्या टीमच्या गाड्या यशवंतपूरच्या एका शेडमध्ये असतात, आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या जवळ. दुपारचा डबा घेऊन मीच जाते. तिथं कुणी मला अक्का म्हणतं, कुणी काकू. काकू म्हणणारा म्हणजे टीमचा इंजिनिअर. तो नागपूरचा. हेब्बाळच्या आयटी कंपनीतली चांगली नोकरी सोडून इथं ग्रीसमध्ये हात घालायला आला. त्याच्या आईला काय वाटलं असेल, ते मला बरोबर कळतं.

या इंजिनिअरची एक पद्धत आहे. शर्यत संपली की ड्रायव्हरनं अंगातला सूटही न काढता त्याच्यासमोर येऊन बसायचं. लॅपटॉप उघडायच्या आधी तो एकच विचारतो, "गाडी की तू?" म्हणजे मागं पडलीस ती गाडीमुळं, का तुझ्यामुळं. टीमचा दुसरा ड्रायव्हर दरवेळी गाडीच्या नावावर बिल फाडायचा. कधी टायर खराब, कधी इंजिनात दमच नाही. माझी लेक म्हणायची, "मी."

पहिल्या राउंडला, म्हणजे सीझनच्या पहिल्या शर्यतीला, टायर गरम व्हायच्या आधीच जोरात वळली आणि खडीत जाऊन रुतली. "मी." पुढच्या राउंडला गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडानं उभी राहिली. "मी." त्याच्या पुढच्या वेळी प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक दाबत राहिली आणि मागचे एकेक जण शेजारून निघून गेले. मोबाइलवर शर्यत बघणाऱ्या आमच्या नातेवाइकांनी ग्रुपवर हसणारी तोंडं टाकली. तेव्हाही हिचं आपलं "मी."

मला लाज वाटायची आणि लाजेपेक्षा जास्त राग यायचा. एका रात्री जेवताना मी तिला झापलंच. "अगं, एखाद्या वेळी गाडी म्हण की. गाडीला काय तोंड आहे का, उलटून बोलायला?"

ती शांतपणे आमटी ओरपत म्हणाली, "आई, गाडी म्हटलं तर तो गाडी दुरुस्त करत बसेल. मग मला कोण दुरुस्त करणार?"

मी भांडी आपटली. कारण मला जे ठाऊक होतं ते तिलाही ठाऊक होतं. टीमच्या मालकांनी सांगून ठेवलं होतं की शेवटच्या राउंडनंतर पुढच्या वर्षीच्या सीटचं, म्हणजे गाडी कुणाच्या हातात द्यायची ते, ठरवू. सीट गेली असती तर शेवटच्या आलेल्या पोरीला दुसऱ्या कुठल्या टीमनं दारात उभं केलं नसतं. लहानपणापासून तिनं दुसरं काही मागितलेलं नाही. ना दागिना, ना लग्न.

शेवटच्या राउंडला मीही गेले. शर्यत तमिळनाडूत होती. टीमच्या व्हॅनमध्ये दशम्या आणि शेंगाचटणी घेऊन बसले. शर्यतीच्या दिवशी सकाळच्या सरावात बाकीच्या गाड्या पळत असतानाच लेक मध्येच परत आली. हेल्मेट काढून तिनं सरळ इंजिनिअरला सांगितलं, "गाडी. ब्रेक दाबला की डावीकडं ओढतेय."

मालक तिथंच उभे होते. त्यांनी लॅपटॉपमध्ये वाकून बघितलं. आकडे सगळे ठीक. नाचता येईना अंगण वाकडं, माझ्याच डोक्यात आलं. कानडीतही ही म्हण आहे, आणि मालकांच्या तोंडावर ती स्वच्छ वाचता येत होती.

इंजिनिअरनं लॅपटॉप मिटला. "सर, हिनं सीझनभर एकदाही गाडी म्हटलेलं नाही. आज म्हणतेय तर खोलूनच बघू."

पुढचं डावं चाक काढलं. चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्याला तडा गेला होता, केसासारखा बारीक. शर्यतीच्या वेगात तो तुटला असता तर चाकच निखळलं असतं. मी टायरांच्या चळतीवरच बसले. नवा दांडा वेळेत मिळाला नाही. तिची गाडी जॅकवर राहिली आणि शेवटची शर्यत तिच्याशिवाय झाली.

संध्याकाळी मालकांनी तिला बोलावलं. ते कानडीत बोलतात, मी मराठीत सांगते. तो दांडा समोर टेबलावर पडला होता, आणि त्यांनी इंजिनिअरचाच प्रश्न विचारला. "अख्खा सीझन असा गेला. गाडी की तू?"

मी बाजूला डबे आवरत होते. माझा हात थांबला. देवा, आता तरी म्हणू दे हिला. पुरावा समोर पडलाय, खोटं ठरवायला कुणी नाही. घाल सगळं त्या दांड्याच्या गळ्यात आणि हो मोकळी. मी डोळे वटारून तिच्याकडं बघत होते. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

"तडा आजचा आहे," ती म्हणाली. "कालच्या सरावात गाडी सरळ थांबत होती. बाकीचा सीझन मी."

गेलं, मी म्हटलं मनात. आणि त्याच क्षणी माझी मान आपोआप ताठ झाली. सीट गेली तर जाऊ दे, पण ही पोरगी माझी आहे, हे तिथल्या सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

मालक दांडा हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक. "सीट तुझीच. नवी गाडी आली की आधी तू चालवायची आणि काय चुकतंय ते तू सांगायचं." दारापर्यंत जाऊन ते वळले. "आणि ब्रेक स्वल्प उशिरा दाबायला शीक."

मागच्या आठवड्यात चिकपेटात जावेबरोबर साड्या बघत होते. तिनं आवाज बारीक करून विचारलं, "कितवी आली गं?"

"शेवटची," मी दुकानभर ऐकू जाईल असं सांगितलं.

तिला वाईट वाटलं बिचारीला. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे, गाडीच खराब असेल."

"छे," मी म्हटलं. "गाडी चांगली होती. लेकच चुकली माझी."