मनीषाचं ॲव्हरेज

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही — आणि तसं आमच्यात फारसं काही लपून राहत नाही. आता तुम्हाला सांगायला बसले आहे, तर मधेच उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता. एका जागी बसवत नाही, दुसरं काय?

गोष्ट गाडीच्या ॲव्हरेजची आहे. हसलात ना? हसा, पण ऐका.

आमचं घर उंबरमाळीला, वरच्या अंगाला. गाडी एकच, धाकट्या दिरानं म्हणजे सुधीरनं घेतलेली. रोज चालवायचो मात्र आम्ही दोघी जावा. माझी शहापूरला सकाळची शाळा. सकाळी मी गाडी खाली न्यायची, शाळेच्या आवारात लावायची आणि दुपारी मिळेल त्या जीपनं घरी यायचं. सुधीरची बायको मनीषा शहापूरलाच एका दवाखान्यात रक्त तपासायला होती. ती दुपारी एसटीनं जायची आणि संध्याकाळी उशिरा गाडी घेऊन परत यायची, कारण त्या वेळी आमच्याकडे यायला काही मिळत नाही.

सुधीर मायलेजच्या मागे हात धुऊन लागला होता. रेस हलकी द्या, गिअर वेळेवर बदला, पुढचं बघून आधीच रेस सोडा म्हणजे ब्रेक मारावा लागत नाही, टायरची हवा तपासा, डिकीत तांदळाचं पोतं घेऊन हिंडू नका. सगळं बरोबरच होतं हो. पण त्यानं एक नियम काढला — निघताना ॲव्हरेजचा आकडा शून्यावर आणायचा आणि पोचल्यावर त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा. माझा यायचा वीसच्या वर. मनीषाचा चौदा. रोज.

मग जेवताना तेच. "वैनीला बघ जरा. तुला गाडी नाय जमत गो, नुसतं पेट्रोल जाळतंस!" सासरे हसायचे. मनीषा भात कालवत राहायची. आणि मी? मी आमटी वाढायची.

खरं काय ते मला कधी कळलं — इथंच माझं अडतंय. एका रविवारी ती माहेरी, धसईला गेली होती. शाळेत कार्यक्रम होता, म्हणून संध्याकाळी गाडी मीच वर आणली. एसी बंद, रेस हलकी, सगळं सुधीरच्या सांगण्याप्रमाणे. तरी आकडा खाली खालीच. घराजवळ पोचले तेव्हा बारा. आमच्या हायवेचा चढ डोळ्यांना दिसत नाही, रुंद रस्ता आपला सपाटच वाटतो. पण शहापूरहून घरापर्यंत तो सारखा चढत असतो. मी रोज उतारावर वीस काढत होते. ती चढावर चौदा काढत होती. आणि त्याच चढावर मी — बारा. म्हणजे हात तिचाच चांगला होता.

मी काय केलं? गाडी कडेला घेतली, बटण दाबलं, आकडा पुसला. घरी म्हणाले, फोटो काढायचा राहिला.

का? ती आमच्या घरात आली ती शिकलेली, कामाला चटपटीत, सासऱ्यांची लगेच लाडकी झालेली. तिला बोलणी बसली की मला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं. मनात जळत होते मी, आणि स्वतःला मोठी जाऊ म्हणवत होते.

थोड्याच दिवसांत सुधीरनं तिच्याकडची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी घेतली. जाता-येता मीच चालवायला लागले. फोटो बंद झाले — माझ्याकडे कोण मागणार? पण दुपारी मी गाडी घरी आणली की संध्याकाळी मनीषानं यायचं कशानं? काही दिवस दवाखान्यातून तिला लवकर सोडलं, मग तिच्या जागी दुसरी मुलगी ठेवली. तिच्या हातून रक्त देताना लहान मुलं रडायची नाहीत, माणसं तिच्यासाठी थांबून राहायची. आता ती घरी असते. भातशेतीचं बघते, कुरकुर करत नाही. स्टेअरिंगला तिनं पुन्हा हात लावलेला नाही.

"अरे, ती चढावर चालवते." एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. कुठल्याही दिवशी, जेवताना. इतकी वर्षं आम्ही एकाच पंगतीला जेवतो आहोत.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. तिची मुलगी सायली आता गाडी शिकायच्या वयाची झाली. मनीषाच मला म्हणाली, "ताई, तुमीच शिकवा तिला. माझ्याकडनं नको, माझीच खोड लागंल." मी बरं म्हणाले. गेल्या रविवारी शहापूरहून येताना सायली चालवत होती — पुढचा ट्रक मंदावायच्या आत रेस सोडून देणारी, गिअर बदलला तरी कळू न देणारी. हुबेहूब आई. मी यातलं काही शिकवलं नव्हतं. आकडा घसरायला लागला तशी पोर घाबरली.

"मोठीआई, माझंपन ॲव्हरेज पडतंय का?"

गाडीत आम्ही दोघीच होतो. सासरे नव्हते, सुधीर नव्हता. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "आईवर गेलीस." एवढंच; चढाचं नाही.

तिनं स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि घर येईपर्यंत एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.