मोनिकाचा पिवळा दिवा

मोनिका कडूबा गायके हिला पटकन राग येतो, हे गंगापुरात सगळ्यांना ठाऊक. ती काम नेमकं काय करते, हे मात्र कुणालाच धड सांगता येत नाही. तिच्या आईनं गल्लीत "ऑप्टिकल इंजिनिअर" असा शब्द सांगितला आणि गल्लीनं त्यातून चष्मा तेवढा उचलला. तेव्हापासून मोनिका सुट्टीला घरी आली रे आली की ओट्यावर बाया हजर. कुणाची काडी मोडलेली, कुणाची काच दोऱ्यानं बांधलेली.

"मोने, एवढी काडी बसव गं."

"काकू, मी चष्म्याच्या दुकानात नाय. मी कारखान्यातले कॅमेरे बनवते."

"मंग? काचंचंच काम हाय ना? बसव."

ती दातओठ खात बसवायची. उरलेले चष्मे पिशवीत भरून शहरात आणायची, पुढच्या खेपेला दुरुस्त करून परत न्यायची.

शहराजवळच्या शेंद्र्याच्या एमआयडीसीत शिवराज सरांच्या छोट्या कंपनीत ती लागली तीसुद्धा भांडूनच. मुलाखतीत सरांनी विचारलं, "लग्न झाल्यावर काम सोडणार का?" ती म्हणाली, "तुमचं झालं तेव्हा तुम्ही सोडलं होतं का?" सर हसले आणि त्यांनी तिला घेतलं. कंपनीचं काम म्हणजे पट्ट्यावरून धावणाऱ्या मालावर नजर ठेवणारे कॅमेरे. बूच तिरकं बसलं, लेबल सुरकुतलं, की कॅमेऱ्यानं बोंब मारायची. मोनिकाचा हात उजेडावर बसलेला. चकचकीत पत्र्यावरचा ओरखडा बाकीच्यांना दिसायचा नाही. ही दिवा खाली न्यायची, तिरपा करायची, पार पत्र्याला टेकवायची, आणि ओरखडा आपणहून वर यायचा.

शिकत होती तेव्हापासून ती बजाजनगरात सरूबाईकडं राहते. सरूबाई तिची सख्खी मावशी. वाळूजला इंजेक्शनच्या एका कंपनीत बाटल्या तपासायला. काम ऐकायला सोपं. इवली बाटली हातात घ्यायची, मनगटानं गोल फिरवायची, आधी काळ्या पाटीसमोर धरायची, मग पांढऱ्या. आत केस तरंगतो का, काचेचा कण चमकतो का, बघायचं. मग क्षणभर डोळे मिटायचे आणि पुढची बाटली उचलायची. हे डोळे मिटणं जुन्या सुपरवायझरनं शिकवलेलं. बाया त्याला विसावा म्हणायच्या.

तरी संध्याकाळी सरूबाई डोळ्यांवर ओला फडका टाकून आडवी पडायची, आणि मोनिकाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"बाटलीला एवढं जपतात. बघणारणीला कोण जपतं?"

"तू जप," सरूबाई फडक्याखालून म्हणायची. "विंजिनेर हायेस ना."

मोनिकानं ते मनावर घेतलं. थकलेली पापणी जड होते, मिटली की सावकाश उघडते. ते ओळखणारा कॅमेरा तिनं बनवायला घेतला. त्यासोबत दिवा असा, की ज्याचा उजेड डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो. मावशीला समोर बसवलं तर तिच्या चष्म्यावर त्या उजेडाचा नुसता पांढरा डाग. डोळा गायब. मग गंगापूरच्या पिशवीतले सगळे चष्मे बाहेर निघाले. जाड काचेचे, दुहेरी काचेचे, चरे पडलेले. एकेक मावशीच्या नाकावर चढवून मोनिका दिवा सरकवत राहिली. शेवटी दिवा हनुवटीच्याही खाली गेला, तेव्हा डाग चौकटीबाहेर निसटला आणि मावशीचा डोळा स्वच्छ दिसला.

पापणी जड झाली की बाईसमोर छोटा पिवळा दिवा लागणार. आवाज नाही, कुणाला कळणार नाही. फक्त तिला सांगणं, की बाई, ऊठ, पाणी पी. शिवराज सरांना कल्पना आवडली. त्यांनी ती सरूबाईच्याच कंपनीला दाखवली आणि एका टेबलावर प्रत्येक खुर्चीपुढं उंच दांडीवर एकेक कॅमेरा बसला. अजून ट्रायलच होती, पण मोनिकानं त्या रविवारी गंगापूरला जाऊन आख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

पुढच्याच आठवड्यात सरूबाई घरी आली ती चप्पल दारात भिरकावूनच.

"काय झालं, मावशी?"

"तुझा दिवा झाला."

"लागला का? मग उठून पाणी प्यालीस ना?"

"पाणी? लाल दिवा, वरतून भोंगा. सगळ्या बाया माना वळवून माझ्याकडं बघायल्या. साहेब म्हणला, सरूबाई, झोपायचं तर घरी झोपा. अजून एकदा वाजला तर कामावरून कमी करीन."

"लाल नाय मावशी, पिवळा आहे तो."

"मला रंग शिकवू नको. बघण्याचंच खाते मी."

"तू डोळे मिटले होतेस?"

"मिटणारच. नाय मिटले तर पुढच्या बाटलीतलं काय बी दिसत नाय. आता समद्या भ्यायल्यात. कुणी विसावाच घेईना. आज म्या बाटल्या बघून सोडल्या का न बघता, मला बी सांगता यायचं नाय. कुणाच्या लेकराच्या दंडात जायच्या त्या?"

"मावशी, हे मी नाय केलं."

"कॅमेरा कुणाचा?"

मोनिकानं दारातली चप्पल उचलून जागेवर ठेवली.

"मंग तूच केलं," म्हणून सरूबाईनं फडका भिजवला.

सकाळी मोनिका शेंद्र्याला गेलीच नाही. मावशीला स्कूटीवर घेऊन थेट वाळूजला. ट्रायलचा पास होता. गाऊन, टोपी चढवून आत गेली, तर मावशीचे साहेब, प्रॉडक्शन मॅनेजर ऋतुराज, टेबलाशीच उभे.

"या मॅडम. भारी चीज बनवलीत हं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं कोण झोपतं ते."

"दिव्याचा रंग कुणी बदलला?"

"तुमच्याच शिवराज सरांनी. सेटिंगच तर आहे. भोंगाही त्यांनीच बसवून दिला. आता कोण झोपलं त्याचं नाव थेट माझ्या स्क्रीनवर येतं."

"त्या झोपत नाहीत. विसावा घेतात. तुमच्याच कंपनीनं शिकवलंय."

"विसाव्याला जेवणाची सुट्टी आहे की."

"सर, बसा इथं."

"कशाला?"

"एक ट्रे तपासून दाखवा. डोळे न मिटता."

ऋतुराज माणूस खेळकर. बसले. बाटली फिरवली, काळी पाटी, पांढरी पाटी. दुसरी, तिसरी. हळूहळू चेहऱ्यावरचं हसू आखडलं. डोळ्यांना धार लागली. त्यांनी नाक ओढलं, मान झटकली आणि एकदाचे डोळे गच्च मिटले. लाल दिवा लागला. भोंगा बोंबलला. मास्कच्या आत बाया खुदखुदल्या.

आता कळेल, असं मोनिकाला वाटलं. त्यासाठीच तर बसवलं होतं.

ऋतुराजांनी डोळे पुसले आणि टेबलावर थाप मारली. "बघा, माझ्यावर पण चालला. साहेब म्हणून सोडत नाही. मॅडम, ऑर्डर पक्की. सगळ्या टेबलांना लावू."

या माणसाचे डोळे अजून लाल होते, आणि त्याला फक्त यंत्र चालल्याचं दिसलं होतं.

त्यांनी लगेच शिवराज सरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. "अभिनंदन, सर. तुमच्या मॅडम इथंच आहेत."

"मोनिका?" सरांचा आवाज सावध झाला. "तू तिथं काय करतेस?"

"सर, सेटिंग बदलताना मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"म्हणूनच नाही विचारलं. गिऱ्हाईक मागतं ते द्यावं लागतं, बेटा. ऑफिसला ये, बोलू."

बेटा शब्दानं उरलासुरला संयम सुटला. तिनं स्टूल ओढलं, चढली, आणि पहिल्या कॅमेऱ्याची लेन्स फिरवायला लागली.

"मॅडम, काय चाललंय?"

"लेन्स काढते. ट्रायल आहे, सामान अजून आमचं आहे."

"आमचं म्हणजे माझं," फोन कडाडला. "लेन्स जागेवर ठेव. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मोनिकाचा हात थांबला. शेंद्र्यातलं तिचं टेबल, दिव्यांचे स्टँड, तिनं स्वतः वाकवलेले पत्रे, सगळं डोळ्यांपुढून गेलं. खाली सरूबाई बसली होती. ती वर बघत नव्हती.

"पिवळा दिवा लावा," मोनिका म्हणाली. "भोंगा काढा. बाईचं नाव साहेबाच्या स्क्रीनवर जाणं बंद करा. मग बोलवा, मीच येऊन बसवीन."

फोन कट झाला. लेन्स तिच्या हातात आली. गाऊनला खिसा नव्हता. कुठं ठेवावी कळेना. तेवढ्यात खालून सरूबाईचा हात वर आला. हातात तिच्या चष्म्याचं घर, उघडलेलं.

"यात ठेव. ओरखडे पडतील."

एकेक करत सगळ्या लेन्स त्यात गेल्या. ऋतुराज कुणाला बोलवावं या विचारात दाराकडं बघत राहिले. मोनिका उतरली आणि तिनं स्टूल होतं तिथं सरकवून ठेवलं.

सरूबाईनं बाटली उचलली. फिरवली. काळी पाटी, पांढरी पाटी. बाटली ट्रेमध्ये ठेवली आणि शांतपणे डोळे मिटले.

ऋतुराजांनी सवयीनं दिव्याकडं पाहिलं. दिवा विझलेला.

"सरूबाई, झोपलात काय?"

"व्हय साहेब," सरूबाई डोळे न उघडता म्हणाली. "पुढची बाटली नीट बघायचीय."

शेजारच्या बाईनंही डोळे मिटले. मग तिच्या पलीकडचीनं.