धर्माभाऊ आणि रुसलेल्या मोटरी

सरावलीला धर्माभाऊ आणि मी मिळून मोटर-कॉम्प्रेसर दुरुस्तीचं दुकान चालवतो. बंद पडलेली मोटर गप्प असते, पण तिचा मालक फार बोलतो! म्हणूनच आमच्याकडे भंगारापेक्षा किस्से जास्त साठलेत.

फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं. "काल चांगली चालत होती, कुणी हातपण नाय लावला!" जाऊन बघावं तर मोटर उघडलेली, निम्मे स्क्रू गायब आणि उरलेले चहाच्या कपात!

*

तलासरीच्या हायवेवरून एका पंक्चरवाल्याचा फोन आला. "लवकर या! मोटर फिरत नाय, हवा येत नाय, ट्रकवाला शिव्या घालतोय!"

धावत गेलो. धर्माभाऊने कॉम्प्रेसरवरचा दाबाचा काटा बघितला. हवेची टाकी गच्च भरलेली! भरली की मोटर आपोआप थांबते.

"अरे, जेवण झालंय तिचं, अजून किती भरवतोस?"

"मग हवा का येत नाय?"

भाऊ पाइपाच्या मागे मागे चालत गेला आणि थांबला. पाइपवर ट्रकचं चाक!

शिव्या घालणाऱ्या ड्रायव्हरने मुकाट्याने ट्रक मागे घेतला.

*

रानशेतला एक सुतार फर्निचरला स्प्रेने रंग मारतो. त्याची मोटर सुरूच होईना. स्विचचं झाकण काढलं तर आत पाल, आणि कोपऱ्यात चिकटलेली दोन अंडी.

मी काडी घेतली, तशी सुताराची आई ओरडली, "बाळंतीण आहे ती!"

शेवटी भाऊने नवा स्विच बसवला. जुना आजही पडवीत टांगलेला आहे. कुणी विचारलं तर आजी सांगते, "भाडेकरू ठेवलाय!"

*

झाईला लग्न होतं. नवरदेवाच्या गाडीचं चाक ऐन वरातीत बसलं. शेजारच्या गॅरेजमधला कॉम्प्रेसर नुसता गुंगुं करी, फिरेना. मुहूर्त टळायची वेळ! नवरीची आई रडकुंडीला आली.

भाऊने मीटर लावला आणि मांडवाकडे बोट दाखवलं. "काकी, सगळी लाइट तुमचा डीजे खातोय."

काकींनी स्वतः जाऊन डीजेची वायर उपटली! मोटर फिरली, चाकात हवा भरली.

त्या शांततेत नवरीचे आजोबा खुर्चीत सैलावून म्हणाले, "आता जरा लग्नासारखं वाटतंय!"

*

आणि हा किस्सा डहाणूतला. धर्माभाऊची दाढ भयंकर दुखत होती. मीच त्याला दाताच्या डॉक्टरांकडे बसवून आलो. इंजेक्शन झालं, गाल बधिर झाला, डॉक्टरांनी दात कोरायचं, हवेवर फिरणारं मशीन हातात घेतलं आणि त्याची हवाच बंद! गॅलरीतल्या कॉम्प्रेसरची मोटर थांबली होती.

"अहो, तुम्ही यातलेच ना? बघता का जरा?"

भाऊ तोंडात कापूस घेऊन गॅलरीत गेला. बराच वेळ खुडबुड केली. परत येऊन मान हलवली. "आज नाय व्हायची."

डॉक्टरांनी मला फोन केला. मी पोचलो. मोटर तापल्यामुळे ओव्हरलोड, म्हणजे तापली की मोटर बंद करणारा स्विच, पडला होता, बस. आता ती गार झाली होती. फक्त लाल बटण दाबायचं होतं.

मी बोट पुढे केलं, तेवढ्यात मागून कुणीतरी माझा शर्ट ओढला.

धर्माभाऊ! एक गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी.

कापसातून पुटपुटला, "उद्या दाब ना!"